हे कोणाचे?

आमच्या घरी एक तांब्याचे घंगाळ होते. आजीच्या लग्नात तिच्या मामांनी दिलेले, काठाखालच्या अंगाला देणाऱ्याचे नाव, घेणारीचे नाव आणि शके अशी तीन ओळींची अक्षरे टाकीने ठिपका-ठिपका करून घातलेले हे भांडे दोन पिढ्या न्हाणीघरात बंबातले कढत पाणी पोटात घेऊन बसले, दोनदा डाग दिल्यानंतर तिसऱ्यांदा बुडाशी झिरपू लागले आणि मग माळ्यावर गेले. घर आवरताना एके दिवशी मी ते खाली काढले आणि मोडीच्या दुकानात नेले. दुकानदाराने ते उलटे करून पाहिले, कड्या पितळेच्या म्हणून छिन्नीने तोडून निराळ्या टाकल्या, काट्याच्या पारड्यात बसावे म्हणून हातोड्याचे चार घाव घालून त्याचा काठ आत दाबला, वजन केले आणि नोटा मोजून माझ्या हाती ठेवल्या. हातोड्याचा तिसरा घाव आजीच्या नावावर बसला. अक्षरे पुसली गेली नाहीत, पण पत्र्याला अशी घडी पडली की अर्धे नाव आत गेले आणि अर्धे बाहेर राहिले.

माझ्यामागे एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा खांद्यावर पोते घेऊन उभा होता. त्याने पोत्यातून तांब्याच्या तारेचे एक भेंडोळे काढले. तारेवरचे वेष्टन जाळून टाकलेले असल्यामुळे ती काळवंडलेली होती, भेंडोळ्याला जळलेल्या रबराचा वास येत होता आणि तोडलेली टोके मात्र नव्या पैशासारखी लाल चमकत होती. दुकानदाराने तीही तोलली आणि मुलाच्या हाती रोकड दिली. ज्याने मला माझे नाव विचारले नव्हते, त्याने त्यालाही विचारले नाही. माझ्या वेषाकडे पाहून विचारण्याचे प्रयोजन नाही असे त्याला वाटले असेल, आणि त्या मुलाच्या वेषाकडे पाहून विचारण्यात लाभ नाही असे वाटले असेल. ती तार त्या मुलाला कोणी दिली होती, उकिरड्यात सापडली होती की कोठून तोडून आणली होती, हे मला ठाऊक नाही, आणि ज्याविषयी ठाऊक नाही त्याविषयी त्या लेकरावर संशय घेण्याचा अधिकारही मला नाही. परंतु त्या दुकानात एक प्रश्न विचारावयाचा राहून गेला, आणि तो न विचारणाऱ्यांत दुकानदारासह मीही होतो, ही गोष्ट मनातून जात नाही.

तो प्रश्न तीन शब्दांचा आहे: हे कोणाचे आहे? मनुष्याने जे केले त्याचे पापपुण्य त्यास लागते, हे आपण सर्वजण मानतो. पण जे जाणून घेणे त्यास शक्य होते आणि जे त्याने जाणून घेतले नाही, त्याचे काय? न विचारणे ही केवळ कर्माची अनुपस्थिती आहे, की तेच एक कर्म आहे? धर्मचिंतनात हा प्रश्न पुरातन आहे. परंतु त्याचे अत्यंत व्यावहारिक आणि मला तरी अंतर्मुख करणारे असे एक उत्तर अलीकडच्या काळात इंग्लंडच्या कायद्याने दिले आहे. ते उत्तर भंगार विकत घेणाऱ्याने पैसे कोणत्या रीतीने द्यावेत, या दिसावयास अत्यंत रुक्ष अशा विषयाशी निगडित असल्यामुळे तत्त्वचिंतकांचे लक्ष तिकडे सहसा जात नाही.

फेब्रुवारी 2011 मध्ये लंडनच्या धातुबाजारात तांब्याचा भाव टनाला 10,000 डॉलरच्या वर गेला. धातू महागला की तो जेथे जेथे उघड्यावर असतो तेथे तेथे चोराचा हात पोहोचतो. रेल्वेच्या रुळांलगतच्या तारा तोडल्या जाऊन गाड्या ठिकठिकाणी खोळंबू लागल्या. शतकानुशतके पाऊस थोपवून धरलेली चर्चच्या छपरांवरील शिशाची पाने एका रात्रीत गुंडाळून नेली जाऊ लागली, आणि सकाळी उपासनेस आलेल्या भाविकांना वेदीवर पाणी ठिबकताना दिसू लागले. गावोगावच्या युद्धस्मारकांवरील ब्राँझचे पत्रेही नाहीसे होऊ लागले. ज्या तरुणांची प्रेते घरी आलीच नाहीत, त्यांची नावे तेवढी त्या पत्र्यांवर होती. आणि ती नावे किलोच्या भावाने विकली गेली. याच्याही आधी, डिसेंबर 2005 मध्ये, हर्टफर्डशायरमधील पेरी ग्रीन येथून हेन्री मूर या शिल्पकाराची, दोन टनांहून अधिक वजनाची ब्राँझची पहुडलेली आकृती चोरीस गेली. तिची किंमत तीस लक्ष पौंडांच्या घरात मानली जात होती. पोलिसांचा कयास असा की ती तोडून भंगार म्हणून सुमारे दीड हजार पौंडांना विकली गेली. डिसेंबर 2011 मध्ये लंडनच्या डलिच पार्कमध्ये 1970 पासून उभे असलेले बार्बरा हेपवर्थ यांचे शिल्प असेच नाहीसे झाले.

या चोऱ्यांवर उपाय शोधताना चोर पकडण्याच्या नेहमीच्या मार्गापेक्षा कायदेकर्त्यांनी आपली दृष्टी निराळ्या ठिकाणी वळविली. चोर शेकडो आणि अज्ञात. चोरीच्या जागा हजारो आणि निर्जन. पण चोरीचा धातू शेवटी ज्या काट्यावर येतो ते काटे मोजके आणि ठाऊक असलेले. सबब काट्यावर जे घडते त्याचे नियमन करावे, असा विचार होऊन 3 डिसेंबर 2012 पासून इंग्लंड व वेल्समध्ये भंगाराचे पैसे रोख देण्यास मनाई झाली. पुढे रिचर्ड ऑटवे या सभासदांनी पार्लमेंटपुढे मांडलेल्या खाजगी विधेयकातून भंगार व्यापाऱ्यांचा 2013 चा कायदा जन्मास आला आणि त्याच वर्षीच्या 1 ऑक्टोबरपासून त्याचा अंमल सुरू होऊन 1964 चा जुना कायदा रद्द झाला.

या कायद्याच्या बाराव्या कलमातील हुकूम थोडक्यात असा. भंगार धातू घेणाऱ्याने त्याचे मूल्य दुसऱ्याच्या नावे फिरवता न येणाऱ्या धनादेशाने किंवा बँकेमार्फत होणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भरण्यानेच द्यावे, अन्य रीतीने देऊ नये. मूल्याच्या बदल्यात वस्तू वा सेवा देणे हेही 'देणे'च समजावे. म्हणजे मोड घालून त्याच्या मोबदल्यात नवे भांडे घेण्याची जी रीत आपल्या तांबट आळ्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तिलाही त्या कायद्याखाली तेथील भंगार व्यापाऱ्यास मुभा नाही. शिवाय याच कायद्याच्या इतर कलमांप्रमाणे, माल घेण्यापूर्वी विकणाऱ्याचे संपूर्ण नाव आणि पत्ता विश्वसनीय दाखल्यावरून पडताळून पाहिला पाहिजे. मालाचा प्रकार, रूप, स्थिती, वजन, त्यावरील ओळखीच्या खुणा, तो आल्याची तारीख आणि वेळ, आणणाऱ्या वाहनाचा क्रमांक, इतक्या बाबींची नोंद दफ्तरी झाली पाहिजे आणि ते दफ्तर तीन वर्षे जपले पाहिजे. रोख दिल्याबद्दल दंड होतो तो देणाऱ्यास: व्यापाऱ्यास, दुकानाच्या व्यवस्थापकास, आणि त्यांच्या वतीने ज्याने प्रत्यक्ष पैसे हाती ठेवले त्या इसमास. आरंभी 5,000 पौंडांपर्यंत असलेला हा दंड मार्च 2015 पासून कमाल मर्यादेविना झाला. विकणारा खोटे नाव सांगेल तर तोही अपराधी ठरतो. परंतु केवळ रोख स्वीकारल्याबद्दल त्याला बाराव्या कलमाखाली शिक्षा नाही. 2015 च्या कायद्याने स्कॉटलंडनेही ही वाट धरली आणि तेथे रोखीची बंदी सप्टेंबर 2016 पासून लागू झाली. फ्रान्सने तर 2011 मध्येच धातूंच्या अशा खरेदीतून रोकड हद्दपार केली होती.

कायद्याचा इतका तपशील मी सांगितला, कारण या रुक्ष कलमांच्या मुळाशी धातूच्या स्वभावाविषयीचे एक खोल ज्ञान आहे. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात आरुणि उद्दालक आपल्या पुत्रास, श्वेतकेतूस, जे तीन दृष्टान्त देतो त्यांपैकी एक मातीच्या गोळ्याचा असून उरलेले दोन्ही धातूंचे आहेत: एक मौल्यवान धातूच्या मण्याचा आणि दुसरा लोखंडाच्या नराणीचा. सगळे विकार म्हणजे वाणीने दिलेली नावे. मणी, कंकण, नराणी हे आकार येतात आणि जातात. सत्य असते ते मूळ द्रव्य. ब्रह्मविद्येचा हा सिद्धान्त समजावण्यास धातूइतका अनुकूल पदार्थ दुसरा नाही. लाकूड तोडले तर ते पुन्हा अखंड होत नाही, वस्त्र फाडले तर त्याचा धागा होत नाही. पण धातू मुशीत घातला की त्याची सर्व पूर्वस्मृती नष्ट होते आणि तो पहिल्या दिवसासारखा निष्कलंक होऊन बाहेर येतो. देवळाची घंटा, पाण्याचा नळ, रेल्वेची तार आणि आजीचे घंगाळ एका भट्टीत घातल्यास जे उरते त्यास देऊळ माहीत नसते, रेल्वे माहीत नसते आणि आजीही माहीत नसते.

आता विचार करावा की हेच तत्त्व चोराच्या किती उपयोगी पडते! परमार्थात जो अद्वैताचा दृष्टान्त, तोच व्यवहारात पुरावा नष्ट करण्याचा उपाय होऊन बसतो. घोडा चोरला तर तो मालकाच्या हाकेला ओळख देतो, ग्रंथ चोरला तर त्यावरील शिक्का बोलतो. तांबे मात्र वितळल्यावर कोणाविरुद्धही साक्ष देत नाही. म्हणूनच आपल्या आचार्यांनी परमार्थ आणि व्यवहार यांच्या भूमिका कटाक्षाने निराळ्या राखल्या. सर्व नामरूपे अंती मिथ्या आहेत हे ज्याने जाणले, त्यासही दुसऱ्याचे घंगाळ आपल्या घरी नेण्याची मोकळीक शास्त्राने दिलेली नाही. जोवर व्यवहार आहे तोवर नाव खरे आहे, कारण नावामागे कोणाचे तरी श्रम, कोणाचे तरी प्रेम, कोणाचे तरी मरण उभे असते. युद्धस्मारकाच्या पत्र्यातील ब्राँझ हे अन्य ब्राँझहून भिन्न नाही, हे रसायनशास्त्राने मान्य केले तरी ज्या आईच्या मुलाचे नाव त्यावर होते तिच्यापुढे हे विधान करण्यास कोणी धजेल काय?

धातूसारखाच विस्मरणशील असा दुसरा पदार्थ म्हणजे रोकड. नोट ज्या हातात असेल त्या हाताची. ती काल कोठे होती हे ती सांगत नाही, आणि हाच तिचा गुण समजला जातो. या गुणावाचून भाजीबाजार चालणार नाही, हे खरेच. पण ज्या वस्तूला स्मृती नाही तिचा मोबदला ज्याला स्मृती नाही अशा नाण्याने दिला गेला, आणि देणाऱ्या-घेणाऱ्यांनी एकमेकांची नावे विचारली नाहीत, म्हणजे त्या व्यवहारात स्मरण ठेवणारे कोणीच उरत नाही. भट्टीने वस्तूचे नाव पुसले, रोकडीने मनुष्याचे पुसले. 2013 च्या कायद्याने या दोहोंपैकी जे राखणे मनुष्याच्या हाती आहे तेवढे राखण्याचा निश्चय केला. वस्तूचे नाव भट्टीत जाणारच असेल, तर निदान ती आणणाऱ्याचे नाव भट्टीबाहेर दफ्तरात राहू दे, आणि मूल्य अशा वाटेने जाऊ दे की जिच्यावर पाऊल उमटते. ज्या व्यापाऱ्यावर पूर्वी संबद्ध गुन्हा शाबीत झाला असेल त्याच्या परवान्यात आणखी दोन अटी घालता येतात: त्याने सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेबाहेर माल घेऊ नये, आणि आलेला माल 72 तासांपर्यंतच्या ठराविक मुदतीत आल्या रूपातच ठेवावा. 'रूप राखावे' असा हुकूम देणारा कायदा मी तरी दुसरा पाहिलेला नाही. मालकाला शोध घेत येण्यास तीन दिवसांचा अवधी मिळावा, एवढ्यासाठी वस्तूला तिच्या नामरूपासह तग धरावयास लावणारी ही अट केवळ पोलिसी युक्ती आहे असे मला वाटत नाही. तिच्यात वस्तूच्या पूर्वायुष्याविषयीचा आदर आहे.

हे सर्व वाचीत असता आपल्या धर्मशास्त्रातील 'अस्वामिविक्रय' या व्यवहारपदाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. जो मालक नाही त्याने केलेली विक्री, हे मनूने सांगितलेल्या अठरा विवादपदांपैकी एक आहे. आणि धर्मशास्त्राच्या इतिहासाचे लेखक महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी व्यवहाराच्या विवेचनात या पदांचा सविस्तर परामर्श घेतलेला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीतील निर्णयाचा आशय असा की, दुसऱ्याने विकलेली आपली वस्तू मालकास परत मिळावी. ज्याने ती उघडपणे न घेता लपवून घेतली त्या ग्राहकास दोष लागावा. आणि ज्यापाशी अशी वस्तू असण्याचा संभव नाही अशा हीन स्थितीतील मनुष्याकडून, एकांतात, हलक्या किमतीत वा अवेळी जो खरेदी करतो तो ग्राहक चोरच समजावा. एकांत, हलकी किंमत, अवेळ! इंग्लंडच्या कायद्यातील 9 ते 5 ची अट आणि आपल्या स्मृतिकाराची अवेळेची खूण यांच्यामध्ये कित्येक शतके आणि सात समुद्र आहेत. पण दोघांनीही चोराची सावली एकाच ठिकाणी पाहिली.

कौटिल्याने तर याहून नेमकी तरतूद केली आहे. बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थाध्यक्षाने जुन्या मालाची विक्री अथवा गहाण, तो माल आपलाच असल्याचे ज्यांनी सिद्ध केले असेल त्यांनाच करू द्यावी, असे अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात त्याने सांगितले आहे. 'पुराणभाण्ड' हा त्याचा शब्द. आजच्या भंगारास याहून सुसंस्कृत नाव सापडणे कठीण. नव्या वस्तूला तिचा कारागीर बाजारात आणतो, म्हणून तिचे मूळ समोर दिसते. जुनी वस्तू अनेक हातांतून आलेली असते, म्हणून तिच्याविषयी विचारणे अवश्य होते, हा विवेक त्यात आहे. आणि 'मूळ' हा शब्द येथे मी सहज वापरला नाही. ज्याच्यापासून वस्तू घेतली त्या विक्रेत्यास आपले शास्त्र 'मूल' म्हणते. आळ आलेल्या ग्राहकाने आपले मूल दाखवावे, म्हणजे तो शुद्ध होतो. ते दाखवता आले नाही, पण खरेदी चारचौघांत उघड झाली होती असे ठरले, तर मनूच्या मते राजाने त्यास दंड न करता सोडावे. वस्तू मात्र ज्याची त्यास मिळावी. इंग्लंडमध्येही उघड्या बाजारात दिवसाढवळ्या प्रामाणिकपणे घेतलेली वस्तू घेणाऱ्याचीच होते असा एक प्राचीन संकेत होता, तो 1994 च्या कायद्याने मोडीत निघाला. उघडेपणाने ग्राहकाचे चित्त शुद्ध ठरते, परक्याची वस्तू आपली होत नाही, या मनूच्या निर्णयाजवळ त्या देशाचा कायदा अशा रीतीने येऊन पोहोचला.

यावरून आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर मला असे दिसते. अज्ञान दोन प्रकारचे असते. जे कळण्यास मार्ग नव्हता ते एक, आणि ज्याचा मार्ग आपण स्वतः बंद ठेवला ते दुसरे. पहिल्याने मनुष्य निर्दोष राहतो. दुसरे मात्र अज्ञान नव्हेच; ते ज्ञानाला दाराबाहेर उभे करणे आहे, आणि दार लावणे हे हाताने केलेले कर्म आहे. जो व्यापारी चोरीचा माल ओळखून घेतो तो एकदाच पाप करतो आणि ते आपले आहे हे जाणतो. जो न विचारण्याचाच नेम करतो तो रोज थोडे थोडे पाप करतो आणि रात्री निर्धास्त झोपतो. कायद्याने त्याची ही निर्धास्त झोप मोडली, यातच मला त्याचे धर्मकार्य दिसते.

येथे एक शंका सहज उद्भवेल. नाव न सांगता देणे हे आपण पुण्य मानले. गुप्तदानाची थोरवी सर्व संतांनी गायिली आहे. उजव्या हाताचे दान डाव्याला कळू नये, असा उपदेश ख्रिस्ताने केला आहे. मग देण्यात जे नाव लोपणे सद्गुण ठरते, तेच घेण्यात दोष कसे ठरावे? उत्तर असे की, दान देताना मनुष्य आपले नाव पुसतो आणि त्यात केवळ स्वतःच्या अहंतेचा त्याग करतो, कोणाचाही हक्क त्यामुळे बुडत नाही; निनावी खरेदीत जे नाव पुसले जाते ते तिसऱ्याच कोणाचे असते, आणि तो तिसरा तेथे हजर नसतो. स्वतःच्या नावाचा त्याग करण्यास मनुष्य मुखत्यार आहे, दुसऱ्याच्या नावाचा त्याग करण्यास नाही. प्रत्येक खरेदीत देणारा आणि घेणारा हे दोन पक्ष दिसतात. धर्म त्यांच्यामध्ये तिसऱ्याचे आसन मांडून ठेवतो आणि विचारतो की, ज्याचे हे असू शकेल तो येथे असता तर हा सौदा असाच झाला असता काय?

दुसरी शंका अधिक गंभीर आहे, आणि ती दयेच्या बाजूने येते. भंगार गोळा करणारा मनुष्य समाजाच्या अगदी शेवटच्या पायरीवर उभा असतो. त्याचे बँकेत खाते नसते, कित्येकदा पत्ताही नसतो. सकाळी वेचलेल्या मालाच्या पैशांवर त्याची संध्याकाळची चूल पेटते. त्याला धनादेश वटण्याची वाट पाहावयास लावणे म्हणजे श्रीमंतांच्या पुतळ्यांसाठी गरिबाची भाकर उशिरा करणे नव्हे काय? इंग्लंडमध्ये 2012 च्या पहिल्या बंदीतून दारोदार फिरून भंगार घेणाऱ्या काही फेरीवाल्या व्यापाऱ्यांना सूट होती, ती 2013 च्या कायद्याने काढून घेतली. त्या सुटीच्या आडून बंदी निष्फळ होईल हे त्यामागचे कारण. ते कारण सबळ आहे, पण त्यामुळे प्रामाणिक गरिबाची अडचण नाहीशी होत नाही. ज्या राज्याला नाव आणि खाते मागावयाचे असेल त्याने प्रथम प्रत्येकास नाव आणि खाते मिळेल अशी तजवीज केली पाहिजे. अधिकार न देता दाखला मागणे हा न्याय नव्हे. आपल्याकडे भंगाराच्या प्रत्येक खरेदीतून रोकड वर्ज्य करणारा असा कायदा नाही. प्राप्तिकराच्या नियमांनी व्यापाऱ्याने एका इसमास एका दिवसात 10,000 रुपयांहून अधिक रोख दिल्यास तो खर्च वजावटीस अपात्र ठरविला आहे, आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा गुन्हा भारतीय दंडविधानापासून आहेच. उद्या येथेही तसा कायदा व्हावयाचा असेल, तर त्या पोतेवाल्या मुलाचा विचार करूनच तो व्हावा.

परंतु नाव विचारणे हे गरिबाच्या विरुद्धच असते, असेही मी म्हणणार नाही. पुण्यात 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, तेव्हा कचरा वेचणाऱ्या स्त्रियांना सर्वांत मोठा जाच होता तो संशयाचा. पोत्यात काय आहे, कोठून आणले, चोरीचे तर नाही, असे कोणीही त्यांना दरडावून विचारू शकत असे. डॉ. बाबा आढाव यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या आधाराने उभ्या राहिलेल्या या संघटनेने ज्या गोष्टी मिळविल्या त्यांत महानगरपालिकेने मान्य केलेले ओळखपत्र ही एक होती. त्या कार्डावर त्या स्त्रीचे छायाचित्र आणि नाव असे. उकिरड्यावर वाकलेल्या आकृतीला त्या दिवशी नगराने नावाने ओळखले. जो प्रश्न काल संशयाने विचारला जाई त्याचेच उत्तर आज तिच्या गळ्यात मानाने लटकू लागले. म्हणजे 'तू कोण?' या प्रश्नात मुळात अपमान नाही. तो कोणत्या स्वराने विचारला जातो, आणि उत्तर देण्याचे साधन विचारलेल्यास दिले आहे की नाही, यावर सारे अवलंबून आहे. जो दुकानदार वेचणारीचे नाव आदराने विचारतो आणि वहीत लिहितो, तो तिला चोरांच्या निनावी गर्दीतून वेगळी काढतो. न विचारणारा तिला त्याच गर्दीत राहू देतो.

कायद्याने चोरी संपते असे मी मानीत नाही. इंग्लंडमध्ये बंदीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत धातूंच्या चोऱ्या पुष्कळ घटल्या, पण त्याच काळात धातूंचे भावही उतरले होते, आणि पुढे भाव चढताच चोऱ्यांनीही पुन्हा डोके वर काढले. लोभ बाजारभावाबरोबर चढतो-उतरतो. त्याच्यावर कलमांची सत्ता मर्यादितच चालते. पण कायद्याचे यश केवळ चोऱ्यांच्या आकड्यात मोजू नये. ज्या काट्यावर पूर्वी वजनापलीकडे काही विचारले जात नव्हते तेथे आता नाव विचारावे लागते. आणि जो प्रश्न मनुष्य दंडाच्या भयाने रोज विचारतो तो पुढे सवयीने विचारतो, आणि सवयीने विचारता विचारता कधीतरी सदसद्‌विवेकाने विचारू लागतो. संस्कार म्हणजे तरी दुसरे काय? लहानपणी आई बळेच हात जोडावयास लावते, आणि मग एके दिवशी हात आपले आपण जोडले जातात.

त्या दुकानातून मी नोटा घेऊन घरी आलो तेव्हा माझी अडगळ गेली आणि खिशात पैसे आले, इतकेच मला वाटले होते. आज वाटते की, निदान त्या दुकानदारास मी आपण होऊन सांगावयास हवे होते: हे माझ्या आजीचे घंगाळ, हे तिचे नाव, हे माझे नाव, लिहून घ्या. आणि त्या मुलाला, त्याच्या खांद्यावर हात ठेवून, ही तार कोठली रे बाळा, एवढे विचारावयास हवे होते. चोर म्हणून पकडण्याकरिता नव्हे, तर त्याच्या आयुष्यात कोणीतरी त्याला विचारणारे असावे एवढ्याकरिता. ते मी केले नाही, आणि माझे हे न करणे त्या दुकानदाराच्या न विचारण्याहून हलके नाही.

वाचकांस माझे एवढेच सांगणे आहे. माळ्यावरची मोड जेव्हा खाली काढाल तेव्हा भांड्यावरचे नाव एकदा मोठ्याने वाचा आणि मगच ते पारड्यात घाला; दुकानदाराने मागितले नाही तरी आपले नाव सांगा आणि पावती मागा. आणि जुनी वस्तू स्वस्तात विकत घेण्याचा प्रसंग येईल तेव्हा भाव विचारण्यापूर्वी विचारा: हे कोणाचे?